सात नंबरचा रिकामा खिळा

१० जाने. १९८३, सोमवार

सुतार आला आणि आतल्या कड्या काढून गेला. आमच्या या म्हाताऱ्यांच्या वसाहतीतल्या बाराही खोल्यांच्या. आता दाराला फक्त लॅच. एक किल्ली आपल्याकडे, दुसरी ऑफिसात.

सूचना माझीच. गेल्या आठवड्यात नऊ नंबरचे देवधर मास्तर मोरीत पडले. दाराला आतून कडी. दार फोडेपर्यंत पाऊण तास गेला. नाडी बघायला मीच खाली वाकले, हात गार. थोडं आधी आत जाता आलं असतं तर... असो. सभेत सांगून टाकलं, म्हाताऱ्या माणसांच्या दाराला आतून कडी नको. इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, वॉर्डाला कधी कडी लावतात का? सेक्रेटरी भाऊसाहेबांनी लगेच उचलून धरलं. "सिस्टर म्हणतात तसंच करा."

शेजारच्या कुसुमताई, सात नंबर, तोंड पाडून बसल्या. "अहो सिस्टर, कडी घातल्याशिवाय माझा डोळा लागत नाही हो." म्हटलं, लागेल सवय. जरा जोरातच म्हटलं बहुतेक.

१२ जाने.

ऑफिसात डोकावले. किल्ल्या भिंतीवरच्या लाकडी फळीवर, खिळ्याला टांगलेल्या, वर नंबर रंगवलेले. कुणीही यावं, हात घालावा. व्यवस्थापक दिघ्यांना म्हटलं, याला कपाट करा, कुलूप घाला. "हो हो, बघतो सिस्टर." हे बघतो म्हणजे काय ते मला नोकरीत असल्यापासून माहीत आहे.

१४ जाने., शुक्रवार

संक्रांत. कु.ताईंनी तिळाच्या वड्या केल्या. अर्ध्या मऊ, अर्ध्या दगड. तरी सगळ्या बारा खोल्यांत वाटल्या. दोन वर्षांपूर्वी लासलगावहून इथे आल्या. मुलगा सुरेश, कांद्याचा अडत्या, घर मोठं. पण तिथे चहा करायचा तरी सुनेला विचारायचं. त्यांच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी आहे, ती रोज पुसतात. म्हणाल्या, "सिस्टर, मेले तरी या खोलीतच मरेन. परत जायची नाही."

आणि इथला नियम असा की ज्याचं त्याला करता आलं पाहिजे. स्वयंपाक, आंघोळ, औषधं. नाही जमलं की घरच्यांना बोलावणं. नियम बरोबर आहे. हा काही दवाखाना नाही.

२७ जाने., गुरुवार

आजच लिहिलं पाहिजे, क्रमानं.

दुपारी तीनच्या सुमारास भिंतीपलीकडे धपकन आवाज. मग कु.ताईंचं ओरडणं, अर्धवटच. धावले. दार सताड उघडं. त्या खाटेच्या कडेशी खाली, कपाळातून रक्त. दाबून धरलं, फडकं बांधलं, बोलतं ठेवलं. म्हणाल्या, झोपल्या होत्या. लॅचचा आवाज आला, त्यांना वाटलं ऑफिसातली किल्ली घेऊन मीच आले. डोळे उघडले तर एक माणूस, तोंडाला पंचा. तांदळाच्या डब्यातून बोरमाळ काढून चाललेला. ह्या उठल्या, त्यानं ढकललं.

लॅच धड. दारावर ओरखडा नाही. ते आपोआप लागतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही.

कु.ताईंपाशी सहा नंबरच्या नानांना बसवलं, रिक्षा आणायला गुरखा गंगापूर रोडला पळाला. मी ऑफिसात. कुणी नाही. फळी बघितली. सात नंबरचा खिळा रिकामा. बाकी अकरा किल्ल्या जागेवर.

दिघे मागून आले. विचारलं, सातची किल्ली कुठाय? "असेल की इथेच." नाहीये, बघा. पांढरे पडले. म्हणाले, आधी पेशंटचं बघा.

दवाखान्यात दोन टाके. एक्सरे नीट. सहा वाजता परत आलो. कु.ताईंना निजवून ऑफिसात गेले तर सातच्या खिळ्यावर किल्ली. टांगलेली, छान.

कड्या मी काढायला लावल्या. मी.

२८ जाने.

भाऊसाहेब आले. ह्यांची आई पिंपळगावच्या दवाखान्यात माझ्या वॉर्डात होती, शेवटचे दोन महिने. तेव्हापासून मला ताई म्हणतात, भाऊबीजेला येतात. ही खोलीसुद्धा त्यांनीच मिळवून दिली. म्हणून सगळं सांगितलं, खिळ्यासकट. डोळे मिटून ऐकलं.

मग म्हणाले, "ताई, पोलिसांत नको. पलीकडे नव्या आठ खोल्या बांधतोय. लोक आपल्या आईबापांना इथे विश्वासानं ठेवणार. गवगवा झाला तर कोण ठेवील?"

म्हटलं, भाऊसाहेब, किल्ली कुणी नेली?

"तुम्ही घाबरलेल्या होता. घाईत दिसली नसेल."

मला! रक्ताच्या धारेत शीर शोधणारी मी, मला खिळा दिसला नाही म्हणे.

३० जाने., रविवार

सभा. भाऊसाहेब उभे राहिले, आवाज अगदी मवाळ. झालं ते दुर्दैवी. कड्या काढाव्यात ही सूचना सिस्टरांची होती, हेतू चांगलाच, संस्थेनं त्यांच्या अनुभवाचा मान ठेवला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी बोलायला उठणार तोच पुढचं. कुसुमताईंना अलीकडे विसर पडतो, दार नुसतं लोटलेलं राहिलं असावं. किल्लीचं नावच नाही!

केसानं गळा कापला. भाऊबीजेला ओवाळून घेणाऱ्या माणसानं.

मी उठून खिळ्याचं सांगितलं. दिघे म्हणाले, किल्ली तिथेच होती. मग कागद फिरला, "दार उघडे राहिल्याने". सगळ्यांनी सह्या केल्या. नानांनीही. बाहेर गाठलं त्यांना. नाना, तुम्ही त्यांच्या कपाळाला फडकं धरून बसला होता ना? त्यांनी मान वर केली नाही. "सिस्टर, मला दुसरीकडे कुठे जागा आहे सांगा. मग सही खोडतो."

सही केली नाही ती मी आणि कु.ताईंनी.

३१ जाने.

सुतार भेटला. म्हटलं, माझी कडी बसवून दे. "सेक्रेटरीसाहेबांनी नको सांगितलंय." दाराला आतून ट्रंक लावली. रोज लावायची आणि रोज काढायची. माझ्या या वयात!

२ फेब्रु., बुधवार

कु.ताईंना घेऊन चौकीत. त्या निघताना तीनदा मागे फिरल्या. "जाऊ दे ना सिस्टर, बोरमाळ गेली तर गेली." म्हटलं, बोरमाळेचं नाही. ह्या कागदानं तुम्हाला विसराळू ठरवलं, उद्या नियमावर बोट ठेवून लासलगावला धाडतील. खरं काय ते लिहून ठेवू, मग कुणाला हात लावता येणार नाही. तेव्हा चपला घातल्या.

हवालदार वयस्कर. "बाई, कुलूप फुटलं नाय, कडी तुटली नाय, मग तो आत आला कसा?" तेच तर सांगतेय, किल्लीनं! त्यांनी मान डोलावली, लिहून घेतलं. साक्षीदार म्हणून माझं नाव. "येतो चौकशीला. तुम्ही बघितलं त्यावरच हाय सगळं."

येताना कु.ताईंनी माझा दंड घट्ट धरला होता, रस्ताभर.

५ फेब्रु.

सुरेश आला. भाऊसाहेबांनीच फोन केला असणार. आईच्या टाक्यांकडे बघून रडला, खरंच रडला. "आई, लय झालं आता. लोक काय म्हणतील, पोराला आई जड झाली. चल घरी." माझ्याकडे वळून, "तुमी तिला चौकीत नेली? ह्या वयात?"

मी सांगितलं त्याला. खिळा, किल्ली, सगळं. तो ऐकत होता पण बाहेर भाऊसाहेब दिसले तसा त्यांच्याकडे गेला. दोघं ऑफिसात तासभर. नंतर कु.ताईंना आत बोलावलं. मला नाही.

संध्याकाळी सुरेश एकटाच लासलगावला परतला. बरं वाटलं. वाटलं, ठाम राहिल्या बाई.

७ फेब्रु., सोमवार

कु.ताई दोन दिवस दार उघडत नाहीत. आत आहेत, स्टोव्हचा आवाज येतो. मोठ्यानं विचारलं, टाके सुकले का? "हो हो, बरी आहे." बस.

९ फेब्रु.

आज कळलं. नानांकडून. त्यांनाच राहवलं नाही.

कु.ताईंनी लिहून दिलं आहे. "दार माझ्याच हातून उघडं राहिलं. तक्रार सिस्टरांच्या आग्रहावरून केली, ती मागे घ्यायची आहे." खाली सही. बदल्यात खोली राहील. विसरण्याबद्दल या खेपेला समज, आणि सुरेशचीही कबुली की आईला नेणार नाही.

गेले त्यांच्याकडे. दार उघडलं. कपाळावर पट्टी, हातात ते पाटी पुसायचं फडकं. म्हटलं, खरं आहे?

"हो."

चूक तुमची नव्हती हो, कुसुमताई.

"मला ठाऊक आहे ना." मग म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही आयुष्यभर एकट्या राहिलात. तुम्हाला येतं. मला ही दोन वर्षंच मिळाली आहेत."

परत आले. ट्रंक लावली नाही, खाटेवर बसून राहिले. राग भाऊसाहेबांवर यायला हवा. त्यांच्यावर आहेच. पण जास्त राग आला तो हिचाच. मी हिच्यासाठी साऱ्या वसाहतीशी वाकडं घेतलं, आणि हिनं मला तोंडघशी पाडलं.

तांदूळ निवडायला घेतले. एकच खडा तीनदा उचलून परत सुपातच टाकला.

रात्री उशिरा भाऊसाहेबांची चिठ्ठी दाराखालून. "ताई, उद्या हवालदार येणार. आपण काय सांगाल, तो आपला निर्णय. इतकंच ध्यानात असावं, किल्ली नव्हती असं आपण म्हटलंत तर कुसुमताईंनी खोटं लिहून दिलं असं होईल. मग त्यांना ठेवणं आम्हालाही अवघड." खाली नेहमीसारखं "आपला भाऊ".

काय डोकं आहे! माझ्या खऱ्यानं हिची खोली जाणार. माझ्या गप्प बसण्यानं बाराही दारं त्या फळीवर टांगलेली राहणार, आणि नव्या आठ खोल्यांचीही. त्यात कुणाची तरी आई दुपारी झोपेल. तिलाही वाटेल, शेजारीण आली.

१० फेब्रु., गुरुवार

सकाळपासून उलटसुलट. एकदा ठरलं, सांगायचं. देवधर मास्तरांच्या वेळी बोलले म्हणून हे घडलं, आता न बोलून पुढचं घडू द्यायचं? मग भिंतीपलीकडे तिची भांडी वाजली. ठरलेलं मोडलं.

चार वाजता गुरखा बोलवायला आला. हवालदार ऑफिसात बसलेत. मी विचारलं, आणखी कोण आहे? सेक्रेटरीसाहेब आहेत म्हणाला. दिघे आहेत. आणि सात नंबरच्या बाई, साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर.

पातळ बदललं. हे लिहिणं पुरं करून निघते.