टेप चढेपर्यंत

ता. ४ नोव्हेंबर

चि. धाकटूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा पेनड्राइव्ह पोचला. लॅपटॉपवर आपल्या लहानपणचा कॉम्प्युटर जसाच्या तसा उघडलेला पाहून मला भरून आलं. बाबांना समोर बसवलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्यांचा आवडता बुद्धिबळाचा खेळ सुरू झाला. त्यांनी पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द नाही, तो आजही नाही. मी फार आशा लावून बसले होते रे.

वेळेवर जेवत जा. माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई

ता. १२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या नकली कॉम्प्युटरला एम्युलेटर म्हणतात. आम्ही जगभरचे रिकामटेकडे मिळून तो फुकट लिहितो. तेव्हा कॅसेटच्या टेपवरून कॉम्प्युटरमध्ये खेळ चढायला बरीच मिनिटं लागायची, तो वेळ मीच अतिशहाणपणानं कापून टाकला होता. पण बाबा बोलायचे ते त्याच वेळात. टेबल हललं की टेप बिनसायची, म्हणून आपल्याला पलंगावर पाय वर घेऊन बसवायचे, खाली जमीन नाही, पाणी आहे असं सांगायचे आणि हळू आवाजात गोष्ट रचायचे. सोबतच्या प्रतीत टेप जुन्या चालीनं चढेल. लावून बघ.

लोभ आहेच, रागावलीस तरी राहू दे.
धाकटू

ता. २१ नोव्हेंबर

चि. धाकटूस,
अनेक आशीर्वाद.

बाबा बोलले. दुपारी पडदे ओढून टेप लावली. तो किरकिरा आवाज खोलीभर झाला, स्क्रीनवरचे निळेपिवळे पट्टे भिंतीवर वाहू लागले. गॅसवर दूध होतं म्हणून मी उठले, तर बाबांनी दटावलं की पाय वर घे, टेप हलेल. लॅपटॉपमध्ये कसली आलीय टेप, पण बसले मुकाट्यानं. दूध गेलं उतू. पलंग काठापासून सुटलाय, म्हणाले, आई काठावर उभी आहे, तिला हात कर. मी केला. तेवढ्यात खेळ सुरू झाला आणि ते गप्प झाले. पुन्हा लावली की गोष्ट पहिल्यापासून सुरू होते, आणि आई काठावरच राहते. काहीतरी कर रे.

आहे तेवढं प्रेम असू दे, थोडं वाढव.
ताई

ता. २८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रोग्राम सगळ्यांना खुला, त्यामुळे कुणाला विचारायला नको. आपल्या घरापुरत्या प्रतीत टेप आता चढतच राहील, खेळ कधीच सुरू होणार नाही. बाकीची मंडळी वर्षानुवर्षं वेग वाढवायला झटताहेत. त्यांना कळलं तर मला वेड्यात काढतील. काढू देत.

जिव्हाळा असावा.
धाकटू

ता. ७ डिसेंबर

चि. धाकटूस,
अनेक आशीर्वाद.

काल बाबा दिवेलागणीपर्यंत बोलत होते. पलंग वळवून काठाला आणला, आईला वर घेतलं, तिची कुरकुर ऐकून घेतली, मग तिघं मिळून कुठे कुठे फिरलो ते सगळं समोर बसून सांगेन. मध्येच ते थांबले. स्क्रीनकडे बघत राहिले, पूर्वी आपल्या दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेला रेडिओ उघडून बघायचे तसे. म्हणाले, इतका वेळ लागतोय म्हणजे यात नक्की बिघाड आहे. धाकट्याला बोलावून घे, त्यालाच जमेल.

तेव्हा मिळेल त्या गाडीनं निघ. आणि आल्यावर काही म्हणता काही दुरुस्त करू नकोस.

वाट पाहतोय आम्ही दोघं.
तुझी ताई