पुढची सीट

॥ श्री ॥
शेणवा, ता. शहापूर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. गुणाआत्यास,
रविनाचा शि. सा. न. वि. वि.

आधी मागच्या पत्रातली चूक सुधारते, मग बाकीचं. दादाच्या गाडीबद्दल मी लिहिलं होतं की किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो, म्हणजे काळजीचं काही नाही. ते मी स्वतः पाहून लिहिलं नव्हतं. दादाने सांगितलं आणि मी उतरवलं. काल स्वतः बसून पाहिलं. बाकीचे दिवे लागतात आणि जातात, हा मात्र लागतच नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत आहे, ते सावकाश वाचलं. त्यात स्पष्ट आहे की हा दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर काहीतरी बिघडलं आहे. माझं मागचं पत्र कुणाला वाचून दाखवलं असशील तर ही दुरुस्तीही दाखव.

दादा म्हणतो बल्ब गेला असेल, एवढ्याशा दिव्यासाठी पंचांग काय काढतेस. पण आत्या, औषधाच्या दुकानात काम करून मला पाकीट उलटं करून तारीख बघायची सवय लागली आहे. गाडी वापरलेली आहे. तुझ्या दिराच्या मनोजने ती मुरबाडहून आणून दिली. एका डॉक्टरने जपून चालवलेली, साधा ओरखडासुद्धा नाही, असं त्याने बाबांना सांगितलं. तुळशीच्या लग्नानंतर ज्याच्याशी माझी सुपारी फुटायची आहे त्याच्याच शब्दावर शंका घेते आहे, हे मला कळतं. हसू नकोस.

घरात या गाडीची गंमतच आहे. पट्टा लावला नाही की ती पीं पीं करते, म्हणून बाबा पट्टा पाठीमागून अडकवतात आणि त्यावर टेकून बसतात. आईने दसऱ्याला पूजा केली आणि पुढच्या सीटसमोर, जिथे एअरबॅग असं उठावदार लिहिलं आहे, नेमका त्यावरच गणपती चिकटवला. त्या झाकणावर काहीही ठेवू नये असं पुस्तकात आहे. मी सांगितलं तर आई म्हणाली, देव बसल्यावर तुझी पिशवी हवी कशाला. रेश्मावहिनीला मागे बसलं की मळमळतं, म्हणून ती नेहमी पुढेच बसते. तिला पाचवा महिना आहे. शहापूरला तपासणीला तीच गाडी, आणि सातव्यात सरळगावला माहेरी जाईल तेव्हाही तीच.

तू विचारलं होतंस की नव्या गाड्यांचा पत्रा बिस्किटाच्या डब्यासारखा का. तो मुद्दाम तसा करतात. धडक बसली की पुढचा भाग दुमडतो आणि धक्का स्वतः खातो, म्हणजे आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो. पट्टा माणसाला धरून ठेवतो आणि पिशवी फुगून त्याचं डोकं-छाती झेलते. जुन्या गाड्या दुमडत नसत, म्हणून सगळा धक्का माणसाला बसायचा. मला जेवढं समजलं तेवढं लिहिलं.

तुझ्या गुडघ्याला तेल चोळतेस ना? या शंकेखोर भाचीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
रविना


॥ श्री ॥
टोकावडे, ता. मुरबाड
१८ ऑक्टोबर

चि. रविनास आत्याचे अ. आ.

पत्र पोचलं. शाळेत जायच्या आधी तुला पाटीवर अक्षरं मीच गिरवून घेतली. एक रेघ वाकडी गेली की तू सगळी पाटी पुसायचीस. अजून तशीच हायस गो. सुपारी ठरली की पोरी मेंदीची चित्रं बघतात, तू गाडीचं पुस्तक वाचत बसलीस.

पत्रा मुद्दाम दुमडतो असं तू लिहिलंस, ते वाचून मी पत्र जरा बाजूला ठेवलं. तुझे मामा, म्हणजे माझे मालक, गेले तेव्हा तू रांगत होतीस, म्हणून तुला सांगते. माळशेजच्या वाटेवर त्यांची जीप आंब्याला धडकली. बंपर थोडा वाकला, बाकी कायच नाय. मामा बाहेरून झोपल्यासारखे दिसत होते. छाती स्टिअरिंगवर आपटली होती. दिवसकार्याला आलेला जो तो अंगणात जाऊन जीपेला हात लावायचा नि म्हणायचा, काय लोखंड हाय, पोचा नाय आला. तुझा बाप पण म्हणाला. मी आत बसून ऐकत होते. माणूस गेला नि लोखंडाचं कौतुक चाललं होतं. ती जीप अजून भाऊजींकडे हाय, पेंढा वाहायला वापरतात. दारावरून जाते तेव्हा मी आत जाते.

म्हणून माझं ऐक, पिशवीचा छडा लाव. पण मनोजचं नाव इतक्यात घेऊ नको. पोरगा गोडबोल्या हाय, पण गोड बोलणं गुन्हा नाय, नि दिवा खरंच गेलेला असू शकतो. आमच्या घरातला मुलगा म्हणून मी त्याची बाजू घेत नाय, तुझ्या बाजूने पण बोलत नाय. तो गणपती मात्र तिथून हलव. पिशवी फुगलीच तर देव उडून रेश्माच्या तोंडावर यायचा. तुझ्या आईला सांग, नणंदबाईंनी सांगितलंय की देवाला पुढं बसून ऊन लागतं.

भाऊबीजेला तुझा बाप येईल. त्याच्याकडे यातलं अवाक्षर काढणार नाय. तब्येतीला जप, नि आत्याला विसरू नको.

तुझी,
गुणाआत्या


॥ श्री ॥
शेणवा
२७ ऑक्टोबर

ती. गुणाआत्यास,
रविनाचा शि. सा. न. वि. वि.

देवाला ऊन लागतं हे आईला एकदम पटलं. तुझ्यापुढे तिचं काही चालत नाही. काल घरातले सगळे भात झोडायला खळ्यावर गेले होते. गाडी बंद होती. मी आणि वहिनी गणपती काढायला बसलो. तो चिकटपट्टीने घट्ट बसला होता. खालून दोरा घालून करवतीसारखा ओढला. गणपती निघाला, पण त्याच्याबरोबर ते झाकणही एका कोपऱ्यातून वर आलं. गाडीच्या झाकणाला डिंकासारखं काहीतरी लावलेलं असतं हे मला नवीन होतं. बोटाने उचललं तर सगळंच हातात आलं.

आत पिशवी नाही, आत्या. स्पंजाचे तुकडे आणि घडी घातलेलं गोणपाट आहे. पुस्तकातल्या चित्रात तिथे जे दाखवलं आहे त्यातलं काहीच नाही. वहिनी आधी हसली, म्हणाली ही तर आपल्या भाताची गोण. मग तिचा हात पोटावर गेला आणि हसणं थांबलं. या गाडीला कधीतरी मोठी धडक बसली असणार, पिशवी फुगून गेली असणार, आणि कुणीतरी नवी घालायच्या ऐवजी भोक बुजवलं. दिवासुद्धा म्हणूनच मुद्दाम मारला असणार. नाहीतर तो सारखा लागून राहिला असता आणि चोरी उघडी पडली असती. हा माझा तर्क आहे. डोळ्यांनी पाहिलं ते फक्त गोणपाट.

दादाला लगेच सांगितलं, लपवलं नाही. तो आधी उडवून लावत होता. म्हणाला, मामांच्या जीपला कुठे होत्या पिशव्या, टपावर बसून जायचे लोक, जगलेच ना. त्याला तुझं पत्र दाखवलं. मग मी म्हटलं की जीपमध्ये काही नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून वळणावर आई रामराम म्हणायची. इथे आहे असं लिहिलं आहे, म्हणून वहिनी निवांत डोळे मिटून बसते. जुनी गाडी निदान खोटं बोलत नव्हती. तेव्हा दादाने गाडीवर ताडपत्री टाकली. घरात सांगितलंय की बॅटरी उतरली. वहिनी सध्या एसटीने जाते, उलटीची पिशवी बरोबर घेऊन.

दादाला मनोजला तिथल्या तिथे फोन लावायचा होता. मी हात धरला. त्यालाही कुणी फसवलं असेल. पण आपण विचारलं की त्याच्याकडे उत्तर तयार असणार, आणि ते खरं की खोटं हे मला जन्मभर कळणार नाही. एक गोष्ट मनातून जात नाही. दिवाळीत त्याचा फोन आला होता. त्याने विचारलं, वहिनी मागेच बसते ना, पोटुशा बाईने पुढे बसू नये. तेव्हा मला ते फार आवडलं होतं. कसा काळजी करतो, असं वहिनीलाही सांगितलं. आता तेच वाक्य टोचतं. काळजी होती म्हणून विचारलं, की ठाऊक होतं म्हणून? ठाऊक असेल तर मला त्याच्याशी संसार करायचा नाही. नसेल तर मी एका चांगल्या माणसावर पाठीमागे आळ घेते आहे. दोन्हीपैकी काय ते कळल्याशिवाय मी सुपारीला बसू कशी?

तू त्याला लहानपणापासून पाहिलं आहेस. काही आठवत असेल तर लिही. माझ्या बाजूचं नसलं तरी लिही.

तुझ्या आशीर्वादाचीच आता सोबत आहे.

तुझी,
रविना


॥ श्री ॥
टोकावडे
८ नोव्हेंबर

चि. रविनास आत्याचे अ. आ.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला हात धजत नव्हता. जे आठवलं ते लिहू की नको, हेच ठरत नव्हतं. पण तू लिही म्हणालीस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मनोजने ती गाडी तुमच्याकडे न्यायच्या आधी इथं आणली. गल्लीतली पोरं गोळा झाली. आमी सगळे म्हसोबापर्यंत फेरी मारून येऊ असं ठरलं. माझी जाऊबाई, धोंडूबाई, नवं लुगडं नेसून थेट पुढच्या दाराशी. तुला तिची सवय ठाऊक नाय. रिक्षा असो, टेम्पो असो, ती डायवरच्या बाजूलाच बसणार. मनोजने आईचा दंड धरला नि म्हणाला, आई, तू मागं बस. ती रुसली. पुढं काय सोनं मांडलंय का, म्हणाली. त्याने ऐकलं नाय, मागचं दार उघडून तिला बसवलंच. मग माझ्याकडं वळून म्हणाला, काकी, तुमी बसा पुढं.

मला वाटलं, पोराने विधवा काकीला मान दिला. मी शेजारीपाजारी सांगत फिरले की स्वतःच्या आईला मागं टाकून पुतण्याने मला पुढं बसवलं. धोंडूबाई त्यावरून अजून टोमणे मारते. तुझं गोणपाट वाचलं नि त्या फेरीतला एकेक खड्डा मला परत बसला.

तरी पण गो, त्याला ठाऊक होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाय. कदाचित खरंच मान दिला असेल. मी म्हातारी, मनात एक शिरलं की मला सगळं तसंच दिसायचं. म्हणून यावरून निकाल लावू नको. तू निकाल लावशील तो लाव, पण सुपारीच्या दिवशी मी तुझ्या बाजूला पाटाजवळ बसेन, जाऊबाईच्या बाजूला नाय. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. मला एकदा लोखंडाचं कौतुक ऐकावं लागलंय.

जेवत जा. सुकलीस तर मी रागावेन.

तुझी,
गुणाआत्या


॥ श्री ॥
शेणवा
१४ नोव्हेंबर

ती. गुणाआत्यास,
रविनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वहिनीने वाचलं, दादाने वाचलं. दादा उठून बाहेर गेला आणि ताडपत्रीचे दोर उगाच आवळत बसला. मला पहिल्यांदा नुसता राग आला. स्वतःची आई मागे आणि तू पुढे! पण तू लिहिलंस तेच खरं, हे पुराव्याला पुरत नाही. तू मला न्यायाने वागायला शिकवलंस आणि आता तोच न्याय त्याला द्यायची पाळी आली आहे, तर माझ्या जिवावर आलं आहे.

शेवटी आम्ही तिघांनी ठरवलं ते असं. सुपारी आमच्या अंगणात आहे. तुम्ही सगळे आलात की दादा म्हणेल, आधी गावदेवीला नारळ देऊन येऊ, मनोज, गाडी तू चालव. त्या आधी ताडपत्री निघालेली असेल आणि झाकण वरून होतं तसंच बसवलेलं असेल. किल्ली माझ्या मुठीत राहील. मी धोंडूमामींसाठी पुढचं दार उघडेन आणि म्हणेन की सासूचा मान पुढच्या सीटचा. गाडी जागची हलणार नाही, कुणाला इजा होणार नाही. फक्त तो काय म्हणतो ते मला ऐकायचं आहे.

तो म्हणाला, बस आई, तर त्याला ठाऊक नव्हतं. मी तिथेच झाकण काढून त्याला दाखवेन, इतके दिवस मनात शंका धरली म्हणून सगळ्यांदेखत माफी मागेन आणि पाटावर जाऊन बसेन. त्याला फसवणाऱ्याला मग आम्ही दोघं मिळून शोधू. आणि तो म्हणाला, आई, तू मागं बस, तर झाकण मी तेव्हाही काढेन. पण सुपारी फुटणार नाही. गोणपाट धोंडूमामींच्या हातात देईन, म्हणजे पुढे काय सोनं मांडलं होतं ते त्यांना कळेल.

ही परीक्षा घेणं बरोबर आहे का, हे मी अजून स्वतःला विचारते. कुणाला न सांगता पारखणं हीसुद्धा एक लपवाछपवीच. पण त्याने फसवलं असेल तर ते वहिनीच्या पोटातल्या जिवाशी, आणि त्या जिवाच्या वतीने विचारायला दुसरं कुणी नाही. बाबांना मात्र अंधारात ठेवणार नाही. त्यांच्या अंगणात त्यांच्या नकळत असं काही करणं मला जमायचं नाही. आदल्या दिवशी, शनिवारी, सगळं सांगेन. ते चिडतील, लोकांना काय तोंड दाखवू म्हणतील. तरी सांगेन.

तू टोकावड्याहून त्यांच्याबरोबर येशील तेव्हा कुठलीही गाडी असो, पट्टा लावून बस. मनोज पुढे बस म्हणाला तर गुडघा दुखतो म्हणून मागे बस. आणि माझ्याकडे बघून हसू नकोस, नाहीतर माझ्या हातातून किल्ली पडायची.

जे होईल त्यानंतरही मला तुझीच भाची म्हण. दिवस लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही: रविवार, २३ नोव्हेंबर.

तुझी,
रविना