चोवीस आकड्यांचं घड्याळ

दार पुन्हा वाजतं आहे, म्हणून वरची ओळ थोडी वाकडी आली. ती खोडत नाही. दाराबाहेर माझा थोरला मुलगा आहे.

"बाबा, दार उघडा. काय लिहिताय?"

"मृत्युपत्र."

"उद्या परीक्षेच्या गेटवर डॉक्टरांचा कागद दाखवीन. आत सोडणारच नाहीत तुम्हाला."

"दाखव. आता जा, शाई वाळू दे."

मी, वय एक्क्याऐंशी, नौदलातून निवृत्त इंजिनरूम मेकॅनिक, हे स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर धाक घातला जात असतानाही लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. मृत्युपत्रात हे वाक्य लोक सवयीने लिहितात. मला ते सिद्ध करावं लागतं आहे, म्हणून आधी त्याचा खुलासा.

गेल्या महिन्यात थोरला मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी काढलं. चोवीस आकडे घातले, बारा तळाशी आले, तास काटा त्याच्या जरा अलीकडे ठेवला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, घड्याळात बाराच आकडे असतात." मी म्हणालो, "तुमच्या." त्यांनी कागदावर फुली मारली.

एकोणतीस वर्षं माझ्या डोक्यावर तसंच घड्याळ होतं. इंजिनरूमला खिडकी नसते. अकरा म्हणजे सकाळचे की रात्रीचे, हे तिथे घड्याळालाच सांगावं लागतं. निवृत्त झालो तेव्हा तसंच एक घेऊन या खोलीत लावलं. घड्याळ काढा म्हटल्यावर मी माझं काढलं. ही चूक असेल तर मी ती पुन्हा करीन.

गॅस एकदा चालू राहिला, हे मान्य. सूनबाईंचा दोनदा राहिला; त्यांना कोणी घड्याळ काढायला लावलं नाही. गेल्या वर्षी परीक्षेच्या हॉलमध्ये मला चक्कर आली, हेही मान्य. थोरला तेव्हापासून घाबरला आहे. त्याने घाबरावं. त्यासाठी मला वेडा ठरवू नये.

आता वाटणी.

घर. खालच्या दोन खोल्या आणि वरची एक. मुलगा आणि मुलगी, दोघांना सारखा हिस्सा. मी जिवंत असेपर्यंत वरच्या खोलीतलं टेबल कोणी हलवू नये.

हत्यारं. सगळे पाने, मायक्रोमीटर आणि लाकडी पेटी धाकटीला. ती मोटारी दुरुस्त करते. ती सोळा वर्षांची असताना थोरला म्हणाला होता, "मुलीच्या हातात पाने कशाला?" आज त्याची गाडी तीच दुरुस्त करते. हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. धाकटीने त्याला यापुढेही गिऱ्हाइकांच्या रांगेत उभं करावं.

गणवेश. ज्याला बसेल त्याला द्यावा. पितळी बटणं समोरच्या शिंप्याने केव्हाच मागून ठेवली आहेत. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. त्याने ती माझ्या हयातीतच कापून न्यावीत.

पुस्तकं. मी आठवीत शाळा सोडली. दहावी चव्वेचाळिसाव्या वर्षी झालो, तीही जहाजावर, बॉयलरच्या उजेडात नव्हे, जेवणाच्या टेबलावर. लोक गोष्ट रंगवतात म्हणून सांगून ठेवतो. बी.ए. साठीला झालो. गणिताच्या पदवीचा एक पेपर उरला आहे. त्यात दोनदा नापास झालो. तो उद्या आहे. पुस्तकं हवी त्याने न्यावीत, पण समासात मी लिहिलेलं खोडू नये, चुकलेलंही. ज्या परीक्षकाने रीत बरोबर असून शून्य दिलं, त्याला माझ्या निधनाची बातमी कळवू नये. त्याला उगाच आनंद होईल.

निकालाआधी मी गेलो, तर निकाल आणून या भिंतीवर चिकटवावा. नापास असलो तरी.

घड्याळ. थोरल्याला. रोज सकाळी त्याला किल्ली द्यावी लागते. त्याने ते वाचायला शिकावं.

पत्र्याचा डबाही थोरल्यालाच. जहाजावरून मी दर पत्रात दोन्ही मुलांना एकेक गणित पाठवायचो. उत्तरं पुढच्या बंदरात मिळायची. थोरल्याची सगळी उत्तरं डब्यात आहेत. सगळ्यात वरच्या कागदावर उत्तर नाही. नऊ वर्षांच्या अक्षरात लिहिलं आहे, "येत नाही. तुम्ही घरी या, मग सांगा." मी आठ महिन्यांनी घरी आलो. तोवर तो विचारायचं विसरला होता. मी विसरलो नव्हतो, पण सांगितलंही नाही. या कागदात कबूल करावी अशी माझी चूक एवढीच. बाकी सगळ्यावर मी ठाम आहे.

हा मजकूर खोलीत माझ्यासोबत बसलेल्या दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. माझा जहाजावरचा सोबती, ज्याला आम्ही 'भोंगा' म्हणतो, सही करताना म्हणाला, "अरे, उद्याच्या पेपरात पास झालास तर हे सगळं फुकट."

"फुकट कसं? मरायचं तर आहेच."

"मग आधी पास हो."

स्थळ : वरची खोली, दाराला आतून कडी
तारीख : अठरा मार्च, वेळ १५.४०

सही : लिहिणार
साक्षीदार पहिला : समोरचा शिंपी
साक्षीदार दुसरा : भोंगा

(मागच्या बाजूला शिंप्याच्या अक्षरात)

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला ते परीक्षा केंद्रात गेले. मी सोबत होतो. थोरला गेटवर उभा होता. डॉक्टरांचा कागद त्याच्या खिशात दिसत होता. तो त्याने काढला नाही. तीन तास तो पाण्याची बाटली धरून तिथेच उभा राहिला. ते शेवटच्या घंटेला बाहेर आले. त्याने विचारलं, "जमलं का?" ते म्हणाले, "चौथं येत नव्हतं. घरी चल, सांगतो." दोघं चालत गेले.