बाळभावजींचा शर्ट

॥ श्री ॥
गाझियाबाद, २० नोव्हेंबर १९९४

चि. हेमलतास कौशल्याचे आशीर्वाद. वि. वि.

आम्ही बरे. आर. के. पुरमचं क्वार्टर सुटलं, इथे निदान भिंती आपल्या. सरकारने पैसे घालून एकाच जिन्यात वर साहेबांचे मोठे फ्लॅट नि खाली आपल्यासारख्यांच्या दोन खोल्या बांधल्यात. वरच्या मेमसाब माझा खलबत्ता नेतात, जिन्यात मात्र ओळख देत नाहीत.

आता कामाचं. शेजारच्या तुमच्या घराची चावी मिळायच्या आधीच बाळभावजी गेले. पण सरकारी अट आहे, घरात राहायलाच हवं. संक्रांतीपर्यंत घर रिकामं दिसलं तर दुसऱ्याला देतील. म्हणून भावजींचा चौकटीचा शर्ट मी रोज ओला करून तुमच्या बाल्कनीत टाकते, माणूस राहतो असं वाटायला. शर्टावर किती दिवस निभणार? रुचिताला घेऊन ये. भावजयीची बोलणी किती खाशील?

पत्राला उशीर करू नकोस, मला धीर नाही.
कौशल्या

कोरेगाव, ५ डिसेंबर

ती. सौ. ताईंस हेमलताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

रागावू नका. त्या घराचा उंबरा दोघांनी मिळून ओलांडायचा, असं ह्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. एकटीचं पाऊल पुढे पडत नाही. घर गेलं तर जाऊ दे.

रुचिता विचारते, काकू पत्रातही ओरडते का?

माया पातळ करू नका.
हेमलता

गाझियाबाद, ८ जानेवारी १९९५

चि. हेमलतास आशीर्वाद. वि. वि.

जाऊ दे म्हणे. घर म्हणजे काय शिळी भाजी आहे?

पण आता भलतंच झालंय. मागच्या आठवड्यात संध्याकाळी शर्ट काढायला गेले, तर तो खिडकीच्या कट्ट्यावर घडी घालून ठेवलेला. कॉलरमध्ये कागद, भावजी घालायचे तसा. ह्यांनीच चेष्टा केली म्हणून ह्यांना झापलं, तर म्हणाले, चावी तुझ्याच कमरेला आहे.

काल मी दुधाला गेले नि तेवढ्यात तपासणीचा साहेब येऊन गेला. मेमसाब पहिल्यांदाच जिन्यात बोलल्या. म्हणाल्या, चिंता मत करो, आपके देवर घर पर ही थे. चौकटीच्या शर्टात दार उघडलं नि म्हणाले, बायको गावाहून निघालीच आहे. साहेब म्हणाला, ती दिसली की मग पक्कं करतो. मेमसाबांनी भावजींना कधी पाहिलेलंसुद्धा नाही गं.

कुलूप होतं तसं. शर्ट दोरीवर. धुक्याने आठवडाभर ऊन नाही, तरी कोरडा. आणि कोमट, अंगातून आत्ताच काढल्यासारखा.

मी भ्याले नाही. पण त्या घरात आता जाणार नाही. काय ते तू ठरव.
कौशल्या

कोरेगाव, १३ जानेवारी

ती. सौ. ताईंस शि. सा. नमस्कार. वि. वि.

सोमवार, २३ तारखेच्या गाडीने रुचिता नि मी निघतो. मोठ्या भाऊजींना निजामुद्दीन स्टेशनला घ्यायला पाठवा.

सोबत माझी निळी साडी पाठवते आहे. एकदाच धीर करून आत जा आणि शर्टाशेजारी वाळत घाला. साहेबासाठी नाही. मी येते आहे, हे ह्यांना कळायला हवं.

तुमची,
हेमलता