पुढे ओढलेली सीट

इंदूर, दसरा १९५८, दिवेलागण

ह्यांचं काहीतरी शिजतंय, असं कितीतरी दिवस वाटत होतं. घरात काळी मोटार असताना महूच्या कर्नलसाहेबांची जुनी, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार कशाला? आम्ही माणसं पाच! विचारलं तर म्हणे, "शौक आहे, और क्या!" स्नेहलतागंजच्या मिस्त्रीकडून लाल रंग काढून मोरपंखी लावून घेतला. मोरपंखी तर माझ्या आवडीचा. ह्यांना कधीपासून आवडायला लागला?

आणि ती ड्रायव्हरची सीट! पुढे ओढून घेतलीय, वर जाड गादी. हे ताडमाड, तिथे बसले तर गुडघे स्टिअरिंगला लागतील. म्हणजे चालवणार दुसरंच कोणी, बुटकं. कोण? मिस्त्रीला विचारलं, तर "भाभीजी, साब से पूछो" म्हणून हसला मेला.

आमच्याकडे दसऱ्याला ज्याचं शस्त्र, त्यानेच त्याची पूजा करायची. मामंजींनी तलवारीची केली, ह्यांनी काळ्या मोटारीची. मग ताट माझ्या हातात देऊन, मोरपंखी गाडीकडे बोट दाखवत म्हणाले, "हिची तू कर."

मामंजी नुसते खाकरले. मी कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि सगळ्यांदेखत त्या सीटवर जाऊन बसले. पाय बरोब्बर पोचले.

उद्यापासून राऊच्या रस्त्यावर शिकवणार आहेत. ते ठीक. पण माझे पाय कुठवर पोचतात, हे ह्या माणसाने पाहिलं कधी?