अकरा तारखेचा कॉल

९ डिसेंबर
दुसरी वॉर्निंग. पहिली कुकरच्या शिट्टीची, ही गुड्डीच्या रडण्याची. टीम लीडर म्हणतो, "मैडम, घर है कि सराफा बाज़ार?" वर हसला. विम्याचे क्लेम विचारायला लोक फोन करतात, मागे लेकरू रडलं की त्यांचा भरोसा जातो म्हणे. तिसरी लागली की घरून काम बंद, ऑफिसात बसायचं. तेरा महिन्यांची पोर सोडून रोज दहा-अकरा तास? मतलब नोकरीच सोडा.
आजपासून बेडरूमला आतून कडी. दाराच्या फटीत टॉवेल. गुड्डी सासूबाईंकडे.

११ डिसेंबर
एकवीस कॉल. डोकं ठणकतंय. एक काका होते, बायको गेली त्यांची, कागद कुठले लावायचे ते चारदा विचारलं बिचाऱ्यांनी. तेवढ्यात दारावर धपधप. म्यूट केलं, टॉवेल नीट सारला, परत बोलले. नंतर सा.बां.ना विचारलं, एवढं काय झालं होतं?
"काही नाही गं, उगीच." माझ्याकडे न बघता पोळ्या लाटत होत्या. चिडल्या असाव्यात. खैर.

१३ डिसेंबर
गुड्डी "आई" म्हणाली!!! दु. २.१०, जेवणाच्या सुट्टीत. दार उघडलं तर समोर भिंतीला धरून उभी. "आई." सा.बां.नी टाळ्या वाजवल्या, "बघ, पहिला शब्द! तुझ्याच समोर बोलली." त्याही डोळे पुसत होत्या. मी तर तिथेच फतकल मारून रडले. निखिल सियागंजातल्या दुकानातून फोनवर नुसता "हैं? हैं?" करत होता. येताना रबडी घेऊन आला.
लिहून ठेवते. पहिला शब्द, १३ डिसेंबर.

२२ डिसेंबर
आमचे कॉल तपासणाऱ्या ऑडिटच्या पूजाजींचा फोन. "मैडम, ये वाला सुनिए." काकांचा आवाज. माझं "जी सर, डेथ सर्टिफिकेट की कॉपी". आणि मागून, लांबून पण स्वच्छ, आई. परत, मोठ्याने, आई. मग खट्ट. पुढे काहीच नाही.
म्यूट. मीच दाबलेलं.
"बच्चे की आवाज़ है ना?" हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कॉलची तारीख ११.
ऐकू कसं नाही आलं मला? कानावर हेडफोन, काका बोलत होते, सगळं खरं. पण आईला

२३ डिसेंबर
सा.बां.ना विचारलं. आधी "मला काय ठाऊक." मग कोथिंबीर निवडता निवडता थांबल्या. "दाराला तोंड लावून म्हणाली गं. तीनदा. तू उघडलं नाहीस, मग मीच उचलून गच्चीवर नेली. तुला कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, तुझ्यासमोर बोलेल तोच पहिला."
रागावणार होते. पण कोणावर? दोघी रडलो. गुड्डी खाली बसून कोथिंबिरीची पानं तोंडात घालत होती.
तीनदा म्हणाल्या. क्लिपमध्ये दोनच आहेत. तिसरी हाक माझ्या म्यूटमध्ये गेली.

२६ डिसेंबर
पूजाजींना विचारलं, तेवढा तुकडा मला मिळेल? "रिकॉर्डिंग बाहर नहीं जाती मैडम. महीने के आख़िर में डिलीट." मग आवाज खाली करून, "मेरी भी छोटी है."
चूक कबूल करून सही केली तर या वेळी वॉर्निंग नाही, नुसते मार्क कापतात. अपील केलं तर मीटिंगमध्ये क्लिप सगळ्यांसमोर पुन्हा वाजवतात. हरलं तर तिसरी वॉर्निंग पक्की. आणि हरणारच, आवाज तर आहेच ना.
निखिल म्हणे, "पागल झाली का तू? सही कर, विषय संपव. रोज दिवसभर आईच म्हणते ती आता."
म्हणते. तरी.

२९ डिसेंबर
अपील टाकलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "आवाज अस्पष्ट आहे, कृपया पुन्हा ऐकवावा." एवढं खोटं मी आयुष्यात लिहिलं नसेल. निखिल सकाळपासून बोलत नाही. त्याचंही चुकत नाही.
उद्या साडेतीनला मीटिंग. सा.बां.ना म्हटलं, शेजारी बसा, हेडफोन एका कानाला तुम्ही लावा.
"मी ऐकलंय गं. तू ऐक."
मग म्हणाल्या, साडेतीनला तिला खाली बागेत नेऊ का? मीटिंगही रेकॉर्ड होते, मधेच बोलली तर गेलंच सगळं. नको म्हटलं, घरीच राहू द्या.
टॉवेल काढून धुवायला टाकला. कडी लावणार नाही. तिने हाक मारली तर उद्या ओ देणार आहे.