समोर ताई असली की

हिंदू कॉलनी, दादर
६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
बेबीचा शिरसाष्टांग नमस्कार.

गिरगावच्या आपल्या गॅलरीत संध्याकाळी डंबेल्सची ड्रिल करायचो, आठवतं? दोघींत मिळून लाकडी डंबेल्सची एकच जोडी. एक तुझ्या हातात, एक माझ्या. तू समोर उभी राहून शाळेतल्या सिस्टरच्या आवाजात आकडे मोजायचीस आणि मी तुझ्याकडे बघून हात वर करायची. खालून जाणारे लोक मान वर करून हसायचे. तू त्यांनाही सरळ उभं राहायची ऑर्डर सोडायचीस.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अडुसष्टाव्या वर्षी माझी ड्रिल पुन्हा सुरू झाली आहे. फिजिओथेरपीवाल्या नूपुरने माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप घालून दिलं. वेगळं यंत्र नाही, काही नाही. साधा मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि समोर उभं राहायचं. कॅमेऱ्यात मी दिसते, माझ्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर ठिपके उमटतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. चालतीबोलती रांगोळीच म्हण. बाजूला एक बाहुली हात वर करून दाखवते, तिच्यासारखा आपण करायचा. हात किती अंश वर गेला ते मोबाइल मोजतो आणि आकडा नूपुरला नि बंगळूरला सिद्धांतला पाठवतो. पहिल्या दिवशी पदरामुळे त्याला माझा खांदाच सापडेना. आता सूनबाईचा टी-शर्ट घालते. हसू नकोस.

लेकाची अट तुला ठाऊक आहे. मी पडले त्याला चार महिने झाले. २५ तारखेच्या तपासणीत मोडलेला उजवा हात डोक्याच्या वर जायला हवा. नाही गेला तर एकटीने राहायचं नाही, ही जागा भाड्याने द्यायची आणि मी बंगळूर गाठायचं. पण काळजी नको. काल आकडा एकशे साठ आला! आणि दुखतं म्हणशील तर अजिबात नाही. वेणी तेवढी अजून शेजारची अपेक्षा घालून देते. होईल हळूहळू.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझे तीन जिने मला झेपत नाहीत, म्हणून हा कागद. उत्तर पाठव. माया आहेच, पण अधूनमधून ती लिहूनही दाखवावी.

तुझी,
बेबी


गिरगाव
१३ जानेवारी २०२५

चि. बेबीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. सोबत तिळगूळ पाठवते आहे. पाक जरा कडक झाला, दात सांभाळून.

तुझं पत्र तीनदा वाचलं. टी-शर्टाला पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदाही हसले. तिसऱ्यांदा मात्र थांबले. अगं, पदर तुझ्या डाव्या खांद्यावर असतो. मोडलाय उजवा. मग मोबाइलला पदराची अडचण का व्हावी? आणि एकशे साठ अंश वर जाणारा हात वेणीपर्यंत पोचत नाही, हे कसं?

आता शाळेचं गॅदरिंग आठव. सगळ्या मुलींचा उजवा हात वर, आणि दुसऱ्या रांगेत एकटीचा डावा. कारण गॅलरीत मी समोर उभी राहून उजवा उचलायचे, आणि तू आरशासारखा माझ्या समोरचा, म्हणजे तुझा डावा. सिस्टरने तुला बाकावर उभं केलं तरी तुझं म्हणणं एकच, की ताईने असंच शिकवलं. बेबी, त्या बाहुलीचंही तू तेच केलंस की काय?

उद्या नूपुरला बोलाव आणि हात दाखव. जे निघेल ते सिद्धांतला तूच सांग, २५ तारखेच्या आत. तपासणीत उघडं पडण्यापेक्षा ते बरं.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र मात्र टाक.

तुझी,
ताई


दादर
१८ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. तिळगूळ पोचला. दात शाबूत आहेत.

बाकी काही शाबूत नाही. तुझंच खरं निघालं. नूपुर आली आणि बघून डोक्याला हात लावून बसली. बाहुली समोर उभी राहून उजवा उचलायची, मी डावा. आणि मोबाइलचा पुढचा कॅमेरा आरशासारखा उलटं दाखवत होता, त्यामुळे त्यालाही तो उजवाच वाटला. सहा आठवडे मी धडधाकट हाताला व्यायाम दिला, ताई! उजवा ऐंशीच्या पुढे जात नाही. आपण नुसत्या रेघा बघत राहिलो, माणूस बघायचं विसरलो, असं नूपुर म्हणाली. बिचारी रडकुंडीला आली होती. मीच तिला चहा दिला. डाव्या हाताने.

तुझ्यापासून काय लपवू? मला शंका आली होती. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला गेले आणि उजवा पोचलाच नाही, तेव्हाच कळायला हवं होतं. पण रोज संध्याकाळी तो आकडा यायचा, आणि ही खिडकी, हा गुलमोहर, आमच्या ह्यांनी बसून बसून झिजवलेली ती आरामखुर्ची, सगळं माझंच राहणार असं वाटायचं. म्हणून विचारलं नाही.

सिद्धांतला काल सांगितलं. तो म्हणाला, की आई, तू सांगितलंस हे बरं केलंस. नूपुरने त्याला पटवलं, की नीट व्यायाम झाला तर आणखी सहा आठवड्यांत हात वर जाईल. तो तयार झाला, पण एका अटीवर. तेवढे दिवस घरात कोणीतरी हवं, व्यायामावर नजर ठेवणारं. पगारी बाई नको म्हणतो, घरचं माणूस हवं. आता घरचं माणूस कुठून आणू? महिनाअखेरपर्यंत कोणी मिळालं नाही तर त्याने तिकीट काढायचं ठरवलं आहे. बॅग माळ्यावर आहे. तीसुद्धा मला काढता येत नाही.

आठवण ठेव, मी कुठेही असले तरी.

तुझी,
बेबी


गिरगाव
२२ जानेवारी २०२५

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

एकाहत्तर वर्षांची, ऐकू न येणारी, बिनलग्नाची मोठी बहीण घरच्या माणसात धरतात की नाही, ते सिद्धांतला विचार. मी धरते. बॅग माळ्यावरच राहू दे. रविवारी सकाळी टॅक्सीने पोचते. जिने उतरायला वेळ लागेल, पण उतरायचेच आहेत.

मला ऐकू येत नसलं तरी दिसतं व्यवस्थित. मोबाइल आपले ठिपके मोजू दे, मी तुझा हात बघेन. रोज तुझ्या समोर उभी राहीन. मी डावा उचलायचा, म्हणजे तू आपसूक उजवा उचलशील. साठ वर्षांपूर्वी हे सुचलं असतं तर तुझं बाकावर उभं राहणं वाचलं असतं. ती चूक माझीच होती गं, तेव्हा सिस्टरला सांगायचं धाडस झालं नाही.

इथली वाटणी करून ठेवली आहे. तुळशीची कुंडी आणि सकाळचा पेपर तळमजल्यावरच्या बाबुरावांना. लिंबाच्या लोणच्याची बरणी अपेक्षाला, तुझ्या वेण्यांबद्दल. गॅदरिंगचा फोटो, तुझा डावा हात वर असलेला, सिद्धांतला पाठव. आईला कशी सवय लागली ते त्याला एकदाचं कळेल. नूपुरला तिळगुळाचा डबा, म्हणजे तिचं रडू थांबेल.

आणि डंबेल्सची जोडी पिशवीत घातली आहे. एक तुझ्या उजव्या हाताला, एक माझ्या डाव्या.

तुझी,
ताई